खालून वर वाचायच्या खिडक्या

बुधवार

निघायच्या आधीच ताईने सांगून टाकलं होतं, "मला शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या रंगीत काचा बघायच्यात, आणि सावकाश बघायच्यात. बाकीचं फ्रान्स तू नंतर कधीतरी तुझ्या सवडीने बघ." म्हणून पाचातले चार दिवस आम्ही एका गावाला, खरं तर एकाच कॅथेड्रलला दिले. पहिला दिवस पॅरिसच्या उत्तरेकडच्या साँ-दनीला, कारण ज्यासाठी आलो होतो त्याची सुरुवात तिथे झाली.

मेट्रोची १३ नंबरची लाइन बॅसिलिकाजवळच, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चजवळच उतरवते. फ्रान्सचे बहुतेक राजे इथे पुरलेले आहेत आणि तिकीट काढून आत जाणारे बरेचसे लोक त्यांच्या समाध्या बघायला येतात. आम्ही समाध्यांच्या मधून वाट काढत वेदीमागच्या अर्धगोल भागात गेलो. स्युजे नावाच्या मठाधिपतीने हा भाग बांधवून घेतला आणि ११ जून ११४४ रोजी त्याचं अर्पण झालं. छताचा भार खांबांवर आणि कमानींवर तोलायचा, भिंतीला त्यातून सोडवायचं आणि सुटलेल्या जागेत काच भरायची, ही गॉथिक बांधणीची रीत इतक्या धिटाईने त्याआधी कुणी वापरली नव्हती. स्युजे राजाचा सल्लागार, जमाखर्चात मुरलेला माणूस. पण जड मन जड वस्तूंचाच आधार घेऊन सत्याकडे चढतं, अशा अर्थाची ओळ त्याने चर्चच्या दारावर लिहवून घेतली होती. मी ती ताईला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे सगुणातून निर्गुणाकडे." आणि पुढे चालू लागली.

इथली बरीच मूळ काच फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमीत गेली, पुष्कळ तुकडे १९व्या शतकात नव्याने घडवून बसवलेले आहेत. जुन्याच्या शेजारी नवं उघड दिसतं. एका खिडकीत मात्र मी बराच वेळ अडकले. देवदूत येशूच्या आईला, मरियेला, कुमारी असतानाच तिला पुत्र होणार असल्याचा निरोप सांगतो आहे आणि तिच्या पायाशी दंड हातात घेतलेला एक छोटा मठवासी लोटांगण घालतो आहे. तो स्युजे. नावही लिहिलेलं आहे.

ही गोष्ट काचेतच का शोभते, त्याचंही एक कारण आहे. मध्ययुगातले धर्मोपदेशक मरियेच्या कौमार्याबद्दल बोलताना उन्हाचा दाखला देत: ऊन काचेतून आरपार जातं, पण काचेला तडा जात नाही. उलट काचेचा रंग अंगावर घेऊन ते आत उतरतं. हा दाखला ऐकलेला भाविक त्या खिडकीपुढे उभा राहिला असेल, तेव्हा चित्रात काय आहे हे बघण्याआधीच चित्र कशातून उजळतंय हे त्याला कळलं असेल. आपण देवळात मूर्तीवर समईचा उजेड पडताना बघतो. इथे उजेड मूर्तीच्या आतून येतो. हा फरक मनात धरूनच पुढचे दिवस गेले.

संध्याकाळी मोंपार्नास स्टेशनवरून गाडी. तासाभराचा प्रवास. बोसचा सपाट गव्हाचा मुलूख, पीक निघालेलं, आणि त्या उघड्या जमिनीवर लांबूनच दिसणारे कॅथेड्रलचे दोन मनोरे. दक्षिणेचा साधा, १०५ मीटरचा. उत्तरेचा नक्षीदार, ११३ मीटरचा, १६व्या शतकाच्या सुरुवातीचा. एकमेकांशी मुळीच न जुळणारे.

गुरुवार

ढगाळ सकाळ. कॅथेड्रलला प्रवेशाचं तिकीट नाही. पश्चिमेच्या दारातून आत गेलो आणि काही दिसेना. बाहेरच्या पांढुरक्या उजेडातून आत आल्यावर डोळ्यांना दहाएक मिनिटं लागतात. तोवर फक्त रंग दिसतात, माणसं दिसत नाहीत. बरेच पर्यटक त्या दहा मिनिटांतच फोटो काढून पुढे सरकतात. मला त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवावंसं वाटत होतं.

डोळे सरावल्यावर आमची पंचाईत झाली. दोघींनी वाचायला सुरुवात केली ती सवयीप्रमाणे वरून, आणि गोष्टीचा पत्ता लागेना. येशू वर सिंहासनावर बसलेला आणि त्याचा जन्म मात्र खाली! शेवटी ताईने दुर्बीण खाली घेतली. "अगं, हे खालून वर वाचायचं असणार. झाड खालून वर जातं तसं."

ती बोलत होती ते खरोखरच झाडाबद्दल होतं. पश्चिमेच्या भिंतीत तीन उंच निमुळत्या खिडक्या आहेत, साधारण ११५०च्या. १० जून ११९४ च्या आगीत आधीचं चर्च बहुतेक सगळं जळालं, पण ही पश्चिमेची बाजू आणि तिच्यातली काच वाचली. आतून बघताना उजव्या हाताला इशायाचं झाड. राजा दावीदाचा बाप इशाय तळाशी आडवा निजलेला आहे, आणि त्याच्या देहातून खोड वर आलंय. इशायाच्या बुंध्याला कोंब फुटेल, या यशया संदेष्ट्याच्या वचनाचं हे चित्र. खोडाच्या टप्प्याटप्प्यावर एकेक राजा फांद्या धरून बसलेला, असे चार. त्यांच्यावर मरिया, तिच्यावर येशू आणि त्याच्याभोवती सात कबुतरं, पवित्र आत्म्याच्या सात दानांची. दोन्ही कडांना अर्धगोलांत संदेष्टे उभे आहेत, चौदा जण, जे घडण्याआधी बोलून गेले.

आपण मराठीत वंशवेल म्हणतो, आणि म्हणताना डोळ्यांपुढे वेल येत नाही. शब्द झिजून गेलाय. इथे तो पुन्हा ओला झालेला दिसला. निजलेल्या म्हाताऱ्याला ठाऊकही नाही की आपल्यातून काय उगवतंय. राजेही फक्त पुढच्याला वर जायला आधार देतात, कुणी कुणाकडे बघत नाही. वर बघायचं काम खाली उभ्या असलेल्या माणसाचं.

मधल्या खिडकीत जन्माची कथा आहे. एक चौकोन लाल पार्श्वभूमीचा, एक गोल निळ्या पार्श्वभूमीचा, असे आळीपाळीने. मी बाळाकडे बघत होते. ते गोठ्यातल्या गवतात नाही, उंचावर ठेवलेलं आहे, आणि गव्हाण वेदीसारखी दिसते. बाहेर दारावरच्या शिल्पात हीच गोष्ट आणखी स्पष्ट केलेली आहे: खाली मरिया निजलेली, तिच्या वर वेदीसारख्या गव्हाणीत बाळ, त्याच्या बरोबर वर मंदिरातल्या वेदीवर उभं केलेलं तेच बाळ, आणि सगळ्यांत वर आईच्या मांडीवर. एका उभ्या रेषेत तिन्ही. जन्मालाच बलिदानाची जागा दाखवून ठेवलीय. पाळण्यात वेदी बघायची, हे आई झालेल्या बाईला सोपं नाही. ताई काही बोलली नाही. बराच वेळ तिथून हललीही नाही.

तिसऱ्या, डावीकडच्या खिडकीत यातना आणि पुनरुत्थान. शेवटचं भोजन, पाय धुणं, चुंबन घेऊन केलेला घात, फटके, क्रूस, रिकामी कबर. ती आज आम्ही नीट बघू शकलो नाही, मान दुखून आली होती. खाली ओर नदीकाठी जाऊन बसलो.

शुक्रवार

ऊन! आणि शुक्रवार. वसंतातल्या उपवासकाळापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या सर्व संतांच्या सणापर्यंत दर शुक्रवारी इथल्या खुर्च्या बाजूला करतात आणि जमिनीवरचा दगडी चक्रव्यूह मोकळा होतो. सुमारे १३ मीटर व्यासाचा, अकरा फेऱ्यांचा. वाट एकच, चुकायला जागा नाही, फक्त मध्याजवळ नेऊन पुन्हा लांब फेकते. लोक अनवाणी, अगदी हळू चालत होते. दक्षिणेच्या खिडक्यांतून आलेले लाल-निळे ठिपके फरशीवर पडले होते आणि चालणाऱ्यांच्या पायांवरून सरकत होते. मी एक फेरा पूर्ण चालले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आजची मुख्य खिडकी चांगल्या शोमरोन्याची. दक्षिणेच्या बाजूला, खालच्या रांगेत, त्यामुळे दुर्बीण लागत नाही. ही मी ताईला वाचून दाखवायची असं ठरलं होतं. प्रत्यक्षात अर्ध्यावर तिनेच माझ्या हातून ओढून घेतली.

तळाशी जोडे शिवणारे कारागीर काम करताहेत. त्यांच्या वर येशू परूश्यांना, म्हणजे कर्मठ धर्मशास्त्र्यांना, गोष्ट सांगतोय. मग गोष्ट सुरू होते. एक वाटसरू यरुशलेमहून यरीहोला निघतो, वाटेत चोर त्याला लुटतात, मारतात, टाकून जातात. याजक, म्हणजे पुजारी, बघून निघून जातो, लेवी, म्हणजे देवळाचा सेवक, तोही निघून जातो. मग परक्या जातीचा, ज्याचा विटाळ मानायचे असा शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला धर्मशाळेत नेतो, तिथे त्याची शुश्रूषा करतो. इथवर सगळं ओळखीचं. मला वाटलं खिडकी संपली. पण अजून निम्मी खिडकी वर शिल्लक होती, आणि तिच्यात अचानक आदाम. देव आदामाला घडवतोय, मग हव्वेला. बाग, झाड, साप, फळ. बागेतून हाकलणं. मग कष्ट. मग त्यांचा मुलगा काईन आपल्या भावाला, हाबेलाला मारतो. आणि अगदी टोकाला सिंहासनावर ख्रिस्त.

"हे इथे कशाला? ती गोष्ट आधीची ना?" ताईने विचारलं.

मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी ही बोधकथा एका ठरलेल्या रीतीने उलगडली होती. यरुशलेम म्हणजे स्वर्गातली बाग, यरीहो म्हणजे हे जग. वाटसरू म्हणजे आदाम, अर्थात आपण सगळे. चोर म्हणजे सैतान. याजक आणि लेवी म्हणजे जुना नियमशास्त्राचा मार्ग, जो जखम बघतो पण बरी करू शकत नाही. शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त. धर्मशाळा म्हणजे चर्च. खिडकीने हे कुठेही लिहिलेलं नाही. दोन गोष्टी फक्त एकीवर एक ठेवल्या आहेत. खालच्याचा अर्थ वर आहे. वाचत वर गेलो की समजतं, जो रस्त्यात लुटला गेला तो कोण होता. सांस आणि बूर्झ इथल्या कॅथेड्रलांतही या बोधकथेच्या खिडक्यांत अशीच जोडणी आहे.

रंगीत काचेबद्दल हमखास म्हटलं जातं की ती निरक्षरांची पोथी होती. याला आधारही आहे. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतींवर बघून वाचतात, असं पोप ग्रेगरी पहिला याने साधारण इ. स. ६००च्या सुमाराला मार्सेयच्या बिशपला लिहिलं होतं. पण शोमरोन्याच्या खिडकीपुढे उभं राहिल्यावर मला ते अपुरं वाटलं. ज्याला गोष्टच ठाऊक नाही त्याला या काचा काहीच सांगणार नाहीत. इथे गोष्ट ठाऊक आहे हे धरूनच चाललंय, आणि तिच्या शेजारी दुसरी ठेवून विचारलंय, आता काय दिसतं? चित्रकथी पोथीतली चित्रं दाखवत गात असे तेव्हाही चित्र एकटं बोलत नव्हतं, तो बोलत होता. इथेही प्रवचन करणारा कुणीतरी खिडकीखाली उभा असणार. आणि छताजवळच्या उंच खिडक्यांतले बारकावे तर दुर्बिणीवाचून कुणालाच दिसत नाहीत, तरी तिथल्या चेहऱ्यांवरच्या रेघा खालच्यांइतक्याच मन लावून ओढल्या आहेत. त्या रेघा माणसांच्या डोळ्यांसाठी नव्हत्या असं मी मानते.

मग ताई परत तळाशी गेली. "जोडेवाल्यांनी ही खिडकी दिली?"

इथल्या सुमारे चाळीस खिडक्यांत असे कारागीर दिसतात: सुतार, पाव भाजणारे, कातडी विकणारे, सराफ. पूर्वी सरसकट म्हणत की ज्या त्या धंद्याच्या लोकांनी ती ती खिडकी दान केली. आता अभ्यासकांत यावर वाद आहे. काहींच्या मते धर्मगुरूंनीच, गावच्या कमाईवर आपला हक्क दाखवत, ही चित्रं काढवून घेतली. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. तिने ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "असेल. पण चालत निघालेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि तिच्या पायाशी जोडे शिवणारे बसलेत. कुणाला तरी हे सुचलं असणार ना." याला पुरावा नाही. पण त्या खिडकीत खालचं चित्र वरच्याशी नातं न ठेवता नुसतं खाली बसलेलं कुठेच नाही, त्यामुळे मला ताईचं म्हणणं टाकवत नाही.

दुपारी वेदीच्या दक्षिणेला 'सुंदर काचेची' मरिया बघितली, नोत्र दाम द ला बेल व्हेरिएर. मधली मरियेची तावदानं साधारण ११८०ची, तीही आगीतून वाचलेली. भोवतीचे देवदूत आणि खालचे प्रसंग १३व्या शतकातले, म्हणजे जुन्या देवीला नवं मखर केलं. लाल पार्श्वभूमीवर तिचं वस्त्र फिकट निळं आहे, आणि ते निळं ऊन नसलेल्या वेळीही आपणहून उजळल्यासारखं वाटतं. ती समोर बघते. मांडीवरचा येशूही समोर बघतो, एक हात आशीर्वादाचा, एका हातात ग्रंथ. ग्रंथावर लॅटिन अक्षरं आहेत, प्रत्येक दरी भरून येईल, या यशयाच्या वचनाची. खालच्या प्रसंगांत काना नावाच्या गावातलं लग्न आहे, जिथे द्राक्षारस संपल्याचं तिच्याच लक्षात येतं आणि ती मुलाला सांगते. तिथे ती आई आहे. वर ती सिंहासन आहे, ज्यावर तो बसतो. एकाच खिडकीत ही दोन्ही नाती ठेवली आहेत आणि त्यांच्यात वाद नाही.

शनिवार

पाऊस. चांगलं झालं. कॅथेड्रलच्या उत्तरेला धर्मगुरूंचं १३व्या शतकातलं जुनं कोठार आहे, तिथे आता काचचित्रांचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या कमानदार तळघरात सकाळ गेली, आणि काल जे अर्थ लावले त्यांच्यामागे हातांचं काम कसं होतं ते कळलं.

वाळू आणि बीच वृक्षाची राख वितळवून काच होई. १२व्या शतकातल्या एका मठवासी कारागिराने प्रमाण लिहून ठेवलंय, राख दोन भाग आणि वाळू एक. निळ्यासाठी कोबाल्ट. लालसाठी तांबं, पण ते इतकं दाट चढतं की सगळी जाडी लाल केली तर काच काळी दिसेल, म्हणून पांढऱ्या काचेवर लालचे पातळ थर. चित्राचा आराखडा चुना लावलेल्या फळीवर काढायचा, तापलेल्या लोखंडाने काच तडकवायची, कडा टोकरून आकार आणायचा. चेहरे, बोटं, वस्त्राच्या चुण्या हे सगळं लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भुकटीत काचेची पूड मिसळून केलेल्या गडद रंगाने रेखायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. मग शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवायचे. म्हणजे ज्याला आपण चित्र म्हणतो त्यात कुंचल्याचं काम फक्त अंधाराचं आहे. रंग काचेचा, उजेड आकाशाचा, माणसाने घातला तो काळोख.

आणखी एक गोष्ट कळल्यावर मी परत जाऊन सगळ्या खिडक्यांच्या कडा बघितल्या. लांबून निळं पसरतं, लालवर चढतं आणि दोन्ही मिळून जांभळट धुकं होतं. ते होऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये पांढऱ्या मण्यांच्या माळेसारखी किनार घालतात. मला ती नुसती वेलबुट्टी वाटली होती.

१२व्या शतकातली निळी काच तिच्या घडणीमुळे ऊनपावसात नंतरच्या काचेपेक्षा चांगली टिकली, म्हणून पश्चिमेच्या खिडक्या आणि ती मरिया इतक्या ताज्या. ताज्या राहायला माणसांनीही मदत केली. दोन्ही महायुद्धांत इथल्या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन सैनिक असल्याच्या संशयावरून कॅथेड्रलवर तोफा डागायची वेळ आली, तेव्हा वेल्बर्न ग्रिफिथ या अमेरिकन कर्नलने स्वतः आत शिरून खात्री केली की तिथे कुणी नाही. इमारत वाचली. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, जवळच्या लेव्ह गावात तो मारला गेला. आज दीडशेहून जास्त मध्ययुगीन खिडक्या जागच्या जागी आहेत, सगळी काच मिळून सुमारे २,६०० चौरस मीटर.

दुपारी पावसातच उत्तरेचा गुलाब. फ्रेंच लोक या गोल खिडक्यांना गुलाब म्हणतात. उत्तरेला सूर्य क्वचितच थेट येतो, त्यामुळे पाऊस असो नसो, उजेड बहुतेक वेळ सारखाच, थंड, खोल निळा. मध्यभागी मरिया आणि बाळ, भोवती कबुतरं आणि देवदूत, मग बारा राजे, मग बारा संदेष्टे. बारा, बारा, बारा. गुरुवारचं उभं झाड इथे गोल फिरलंय, तीच वंशवेल, आता मरियेभोवती. मध्येच पिवळी कमळं आणि पिवळे किल्ले दिसतात, ती फ्रान्सच्या आणि कास्तीयच्या घराण्यांची चिन्हं. राणी ब्लांश ही कास्तीयची राजकन्या, आणि ही खिडकी तिच्या नावाशी जोडलेली आहे.

गुलाबाखाली पाच उभ्या खिडक्या. मधोमध मरिया नव्हे, मरियेची आई हन्ना, कडेवर छोटी मरिया घेऊन. चौथ्या धर्मयुद्धानंतर कॉन्स्टँटिनोपलहून हन्नेचं मस्तक मानला जाणारा अवशेष शार्त्रला आला, त्यामुळे तिला हा मान. दोन्ही बाजूंना बायबलच्या जुन्या करारातले राजे आणि याजक: मलकीसदेक, दावीद, शलमोन, अहरोन. त्यांच्या पायाखाली चार छोटी चित्रं आहेत ती चुकवू नका. दावीदाखाली शौल स्वतःच्या तलवारीवर पडतोय, अहरोनाखाली फारो समुद्रात बुडतोय, उरलेल्या दोघांखाली यराबाम आणि नबुखद्नेस्सर मूर्तींपुढे वाकलेले. ज्याला जे जमलं नाही ते वरच्याला जमलं, एवढंच चित्र म्हणतं. मूर्तीपूजकाला पायाखाली बघून मला क्षणभर टोचलं, ते इथे लिहायला हवं. इतक्या मूर्तींनी भरलेल्या घरात मूर्तीला वाकलेला माणूस पडलेल्यांत मोजलाय. ताईचं म्हणणं, त्याची चूक वाकण्यात नसून राजाने स्वतःचं सोनं पुजण्यात आहे. त्यावर आमचं जेवताना बराच वेळ चाललं आणि मिटलं नाही.

चारच्या सुमाराला पाऊस थांबला. आम्ही उत्तरेकडे पाठ करून समोर दक्षिणेच्या गुलाबाकडे वळलो, आणि अंगावर ऊब आल्यासारखी वाटली. तिकडे जुना करार, इकडे नवा. मध्यभागी ख्रिस्त, भोवती देवदूत आणि चार जिवंत प्राणी, मग प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले चोवीस वडील हातात वाद्यं घेऊन. खालच्या पाच खिडक्यांत मधोमध मरिया आणि बाळ, आणि दोन्ही बाजूंना मी जगात कुठेही बघितलेलं सगळ्यांत धीट चित्र: चार थोराड संदेष्टे, आणि त्यांच्या खांद्यांवर लहान मुलांसारखे बसलेले चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूची कथा लिहिणारे. यशयाच्या खांद्यावर मत्तय, यिर्मयाच्या लूक, यहेज्केलाच्या योहान, दानीएलाच्या मार्क.

१२व्या शतकात इथल्याच शाळेत शिकवणारे बर्नार्ड म्हणत, आपण राक्षसांच्या खांद्यांवर बसलेले बुटके आहोत. त्यांच्यापेक्षा लांबचं दिसतं ते आपली नजर तेज म्हणून नाही, त्यांनी उचलून धरलंय म्हणून. हे त्यांचं बोलणं लिहून ठेवणारा जॉन ऑफ सॉल्झबरी पुढे शार्त्रचाच बिशप झाला. काच घडवणाऱ्याच्या मनात तेच होतं का, हे खात्रीने सांगता येत नाही, पण मूळ कल्पना गावातलीच आहे. मी दुर्बिणीतून संदेष्ट्यांचे हात बघत होते. त्यांनी खांद्यावरच्यांचे पाय घट्ट धरलेत, जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो तसे.

परतताना खाली साँ-पिएरच्या चर्चमध्ये डोकावलो. तिथे रंगीत पट्ट्यांच्या मध्ये फिकट, जवळजवळ पांढऱ्या काचेच्या पट्ट्या आहेत. डोळ्यांना विश्रांती मिळाली.

रविवार

गाडी दुपारची. सकाळी मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, आधी तासभर हाताशी होता. पूर्वेचं ऊन वेदीमागच्या उंच खिडक्यांत आलं होतं. अगदी मधल्या, अक्षावरच्या खिडकीत खालून वर: देवदूताचा निरोप, मग मरिया आणि अलीशिबा या दोन गरोदर बायकांची भेट, मग सिंहासनावरची मरिया. सगळं आता ओळखीचं. मी दुर्बीण तळाशी नेली. तिथे पाव भाजणारे आहेत, पावांनी भरलेली मोठी टोपली वाहून नेताना.

मी दुर्बीण ताईच्या हातात दिली आणि "तळाशी बघ" एवढंच म्हणाले.

अकरा वाजता मिस्सा सुरू झाली. मिस्सेच्या वेळी पाहुण्यांनी हिंडायचं नसतं, म्हणून आम्ही मागच्या रांगेत बसून राहिलो. फ्रेंच आम्हाला कळत नव्हतं. घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर किंवा मान खाली घालून उभे, आणि धर्मगुरूने वेदीवरची भाकर दोन्ही हातांनी वर उचलली. त्याच्या हातांच्या वर, बरंच वर, उन्हात ती टोपली होती. ताईने माझ्या मनगटाला हात लावला आणि बोटाने, इतर कुणाला दिसणार नाही असं, खालून वर एक रेघ ओढली.